आबांची कवळी वाजत नव्हती, पद्मा

पद्मा,

तुझ्या नवऱ्यानं, सुकुमारदादांनी, माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. तुझ्या आठवणींची एक पुस्तिका काढायची आहे, त्यात जुन्या मैत्रिणीचं काहीतरी असावं, असं त्यांचं म्हणणं. "जरा चांगलं लिहा, शालनताई," म्हणाले आणि लगेच मान खाली घातली. तीन वर्षं मी तुमच्या घराची पायरी चढले नव्हते, हे त्यांनी पाहिलेलं आहे. का चढले नव्हते ते मात्र तू असेपर्यंत त्यांना ठाऊक नव्हतं. तू सांगितलंच नव्हतंस.

आता मी सांगितलं आहे. आणि इथे परत सांगणार आहे, छापून राहील असं. त्यांना छापायचं नसेल तर त्यांची मर्जी.

तू गेलीस त्याला सव्वा महिना झाला. निरोप आला तेव्हा मी कुपवाडला एका कारखान्यात मशीनखाली आडवी होऊन वायर ओढत होते. तशीच पडून राहिले. कामगारांना वाटलं, बाईला शॉक बसला. घरी आले, रडले, दोन दिवस वर्कशॉप उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी राग आला, तो अजून उतरलेला नाही. आपलं भांडण अर्धं राहिलं होतं गं. तुझ्या तोंडून एक वाक्य ऐकायचं म्हणून मी तीन वर्षं थांबले होते. तू ते न बोलताच गेलीस.

कराडला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी आपण एका खोलीत आलो. तू सांगलीच्या पेठेतल्या व्यापाऱ्याची लेक, इंग्रजी शाळेतली. मी माणदेशातली, मेंढरांमागं फिरलेल्या घरातली. सरांचं इंग्रजी माझ्या डोक्यावरून जायचं. तू रोज जेवणाआधी दिवसभराचा धडा मला मराठीत सांगायचीस. एकदा वर्गात वाचताना मी एक शब्द असा काही उच्चारला की सगळा वर्ग हसला, सरसुद्धा. तू हसली नाहीस. तास संपल्यावर म्हणालीस, "चल गं, चहा पिऊ," आणि त्या शब्दाचा विषयच काढला नाहीस. ते मी विसरलेले नाही. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

तुझा कान तेव्हापासूनच वेगळा होता. पंख्याच्या आवाजावरून त्याचं बेअरिंग किती दिवस चालेल ते सांगायचीस, आणि तेवढेच दिवस चालायचं. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गावी आलीस आणि बिरोबाच्या देवळापुढं माझ्या वडिलांची, आबांची, ओवी ऐकलीस, तेव्हा शेवटपर्यंत हलली नाहीस. ओवी संपल्यावर आबांना म्हणालीस, "आबा, एक दिवस तुमचा आवाज मी नीट धरून ठेवणार बघा."

आबा म्हणाले, "धर की बाय. पर आवाज काय मेंढरू हाय व्हय, धराया?"

तू किती हसली होतीस.

पुढं तू सांगलीत स्टुडिओ काढलास आणि मी कुपवाडला दुरुस्तीचं काम. कारखान्यातल्या मशीनना जोडलेले जुने कॉम्प्युटर, जे कुणी हातात घेत नाही, ते माझे. मला पहिलं काम मिळालं ते तुझ्या मामांच्या कारखान्यात, तुझ्या शब्दावर. हेही लिहिते, कारण ते खरं आहे. तुझ्या स्टुडिओचा कॉम्प्युटर आपण दोघींनी मिळून जोडला, फरशीवर चादर अंथरून. त्यात आवाज टिपणारं साउंड कार्ड तू कुठूनतरी मिळवलं होतंस आणि त्याच्यावर तुझा फार जीव. बाकी सगळ्या जगानं नवी यंत्रं घेतली, तू मात्र त्या कार्डासाठी पंधरा वर्षं ती कॉम्प्युटरची पेटी जपलीस. ते कार्ड नव्या यंत्रात बसतच नव्हतं.

त्या पेटीतली एक गोष्ट मी तुला त्याच दिवशी दाखवली होती. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सोपं करून लिहिते. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक कार्डाला अधूनमधून प्रोसेसरला हाक मारावी लागते, 'माझं काम आलंय, घे' म्हणून. हाक मारायची जी वाट, तिला इंटरप्ट लाइन म्हणतात. जुन्या बोर्डावर या लाइनी मोजक्याच असतात, म्हणून दोन कार्डं एकाच लाइनीवर येतात. हाक आली की दोघांपैकी कुणाची ते आधी बघावं लागतं. दोन्ही कार्डं सरळ असतील तर काही बिघडत नाही. त्यातलं एक हावरट असेल, प्रोसेसरला सोडतच नसेल, तर दुसरं ताटकळतं. साउंड कार्डाला ताटकळून चालत नाही. आवाज तर येतच असतो, तो साठवायची जागा इवलीशी. ती भरली की मधला एक कण गळतो. ऐकणाऱ्याला ऐकू येतं, टक.

तुझ्या बोर्डावर पहिल्या आणि तिसऱ्या स्लॉटची, म्हणजे कार्ड खोचायच्या खाचेची, लाइन एकच होती. ती बोर्डातच तशी जोडलेली, सेटिंगमध्ये जाऊन बदलता येत नव्हती. साउंड कार्ड पहिल्यात बसवलं आणि कॅबिनेटच्या झाकणाला आतून मी माझ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली, 'तिसऱ्या स्लॉटमध्ये काही बसवू नये. लाइन एक आहे.' तू वाचलीस आणि म्हणालीस, "मला कशाला सांगतीयास? पेटी उघडणारी तूच की."

बारा वर्षं मीच उघडली.

मग तीन वर्षांपूर्वीचा तो दिवस. आबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. आदल्याच उन्हाळ्यात त्यांनी कवळी करून घेतली होती. त्यांना ती लय आवडायची. मिशी कातरून, पांढरं धोतर, लाल पटका, असे ते तुझ्या स्टुडिओत आले. बरोबर ढोल वाजवणारा सोपानकाका आणि मागं सूर धरणारा तुकामामा. दोघंही आबांचे लहानपणापासूनचे सोबती. तीन तासांचा प्रवास करून आले होते तिघं. वाटेत आबांनी चहासुद्धा घेतला नाही, घसा बिघडेल म्हणून.

पहिलीच ओवी सुरू झाली आणि दुसऱ्या मिनिटाला हेडफोनमध्ये ती टक आली. मग अर्ध्या मिनिटानं परत. तू भुवया उंचावल्यास. तू वायर बदललीस, माइक बदललास. टक तशीच. मी पेटीच्या मागं वाकून बघितलं तर एक छोटी काळी अँटेना.

"हे कधी बसवलंस?"

"काल. वायफायचं कार्ड आहे. फायली पाठवायला खाली दुकानात जावं लागायचं."

"कुठल्या स्लॉटमध्ये?"

"मोकळा होता त्यात. शालू, त्याचा काय संबंध?"

"मला पेटी उघडू दे. दहा मिनिटं."

तू माझ्याकडे बघितलंस ते मला अजून दिसतं. तुझ्या यंत्राला तुला न विचारता कुणी आजारी म्हटलेलं तुला खपायचं नाही. त्यातून ते कार्ड तू स्वतः बसवलेलं, मला न बोलावता. "माझ्या मशीनला काही झालेलं नाही," म्हणालीस. "दुपारी दुसरं बुकिंग आहे. आता पेटी उघडून बसायचं का?" आणि बोलायचं बटण दाबून काचेपलीकडं बोललीस, तुझ्या त्या गोड आवाजात.

"आबा, तुमची कवळी ढिली आहे का हो?"

आबांना आधी कळलंच नाही. "काय म्हंती?"

"कवळी. दात. गाताना वाजतायत. काढून गाता का जरा?"

सोपानकाका ढोलावर हात ठेवून बसला होता. तुकामामा खाली बघून हसला. मी म्हणाले, "पद्मा, नको." तू हातानं मला थांब म्हणालीस. आबांनी पाठ फिरवली, कवळी काढली, उपरण्याच्या टोकात गुंडाळली आणि मांडीखाली ठेवली. परत वळले तेव्हा त्यांचा चेहरा दुसऱ्याच कुणाचा झाला होता. गाल आत गेलेले. ते गायले. देवांची नावं घेताना 'स' नीट येईना, शब्द ओठातून निसटायला लागले. आवाज तेवढा खणखणीत. आणि त्या आवाजात, दात नसलेल्या तोंडातून येणाऱ्या त्या आवाजात, अर्ध्या मिनिटानं टक. परत टक.

तुला ऐकू आली. तुझ्या कानाला आली नाही असं मी मरेपर्यंत मानणार नाही. तू बटण दाबलंस आणि म्हणालीस, "छान. आता बरंच कमी झालंय, आबा. चालू द्या."

चाळीस मिनिटं त्यांना तसं गायला लावलंस.

परत जाताना गाडीत त्यांनी कवळी घातली नाही. आठवड्याभरात गोष्ट गावभर झाली. तुकामामानं चावडीपुढं नक्कल करून दाखवली. पोरं आबांना 'बोळक्या' म्हणायला लागली. त्या वर्षी यात्रेला आबा देवळापुढं उठलेच नाहीत. "घसा बसलाय," म्हणाले. पुढच्या वर्षीही घसा बसला. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी विचारलंही नाही. पन्नास वर्षं देवापुढं गाणारा माणूस, पद्मा. पाठीमागं पोरं हसतात म्हणून तो देवळाच्या मागच्या वाटेनं जायचा.

मी तुला फोन केला होता. दुसऱ्याच दिवशी. "गावी चल आणि आबांसमोर सांग, की वाजत होतं ते यंत्र," एवढंच मागितलं होतं.

तू म्हणालीस, "यंत्र वाजत होतं हे कुणी सिद्ध केलंय?"

"मग मला पेटी उघडू दे."

"तू उघडशील आणि तुला पाहिजे ते काढून दाखवशील."

बारा वर्षं तुझी पेटी मी उघडली, आणि तू मला असं म्हणालीस. मी फोन ठेवला. त्यानंतर मी तुझं नाव वर्कशॉपमध्ये कुणाला घेऊ दिलं नाही. तुझ्याकडून कुणी काम घेऊन आलं तर परत पाठवलं. रेकॉर्डिंग करायचं असलेल्या दोघांनी विचारलं, 'पद्माताईंचं रेकॉर्डिंग कसं?' मी सांगितलं, 'टक येते.' होय, सांगितलं. त्यातला एक नंतर तुझ्याकडं आला नाही हेही मला कळलं, आणि मला बरं वाटलं.

मागच्या वर्षी मार्केट यार्डाजवळच्या लग्नात तू समोर आलीस. वजन उतरलं होतं तुझं. म्हणालीस, "आबा कसे आहेत?" मी म्हणाले, "विचारायला तोंड आहे का तुला?" तू माझ्या दंडाला हात लावलास. "शालू, ऐक तर." मी हात झटकला आणि जेवणाच्या मांडवाकडं गेले. तू काय ऐकवणार होतीस ते आता मला ठाऊक आहे असं मला वाटतं. खात्री नाही. मी थांबायला हवं होतं का? हवं होतं. पण तूही माझ्या मागं यायला हवं होतंस. चार पावलांचं अंतर होतं. आणि मी ऐकलं नसतं तरी आबांचं घर तुला ठाऊक होतं.

तू गेल्यावर पंधरा दिवसांनी सुकुमारदादा वर्कशॉपमध्ये आले. स्टुडिओचा कॉम्प्युटर सुरू होत नव्हता. तुझ्या आवाजातलं काहीतरी शोकसभेत लावायचं होतं. "ही पेटी तिनं दुसऱ्या कुणाला दाखवली नाही," म्हणाले. "शालन आली तरच उघडायची, असं म्हणायची."

मी गेले. तुझ्या खुर्चीवर बसले नाही, स्टूल ओढलं. पेटी आडवी केली, स्क्रू काढले, झाकण उचललं. मेमरीची पट्टी हलली होती, बाकी काही नव्हतं. झाकण भिंतीला टेकवून ठेवताना माझी जुनी चिठ्ठी दिसली. पिवळी पडलेली. आणि तिच्याखाली दुसरी, तुझ्या अक्षरात.

'शालू बरोबर होती. कार्ड तिसऱ्यातून चौथ्यात हलवलं. टक बंद.'

खाली तारीख. आबांच्या रेकॉर्डिंगनंतर चौथ्या दिवसाची.

मी ती तारीख किती वेळा वाचली असेल. चौथ्या दिवशी, पद्मा! तेव्हा आबांना गावात कुणी बोळक्या म्हणायला लागलंही नव्हतं. एक फोन केला असतास तर तिथंच मिटलं असतं. तुला कळलं, तू दुरुस्त केलंस, तू कबूलही केलंस. आणि ती कबुली पत्र्याच्या झाकणाला आतून चिकटवून चार स्क्रू आवळून टाकलेस. माझ्याशिवाय जी पेटी कुणी उघडणार नव्हतं तिच्या आत. आणि मला तर तू बोलावणार नव्हतीस.

सुकुमारदादा चहा घेऊन आले. मी म्हणाले, "बसा. तुम्हाला काही ऐकवायचंय." मेमरी बसवली, यंत्र चालू झालं. कुठलं कार्ड कुठल्या लाइनीवर आहे ती यादी काढून दाखवली. साउंड कार्ड एकटं होतं. माइकसमोर उभं राहून मी एक ते शंभर आकडे म्हटले आणि त्यांना ऐकवले. स्वच्छ. मग यंत्र बंद केलं, तुझं ते वायफायचं कार्ड काढलं आणि परत तिसऱ्या स्लॉटमध्ये घातलं. यादीत आता दोघं एका लाइनीवर. परत आकडे म्हटले. तेवीसला टक. एकोणपन्नासला टक.

"आली का ऐकू?"

"आली," ते म्हणाले. मग मी त्यांना सगळं सांगितलं, कवळीचं, चावडीपुढच्या नकलेचं. त्यांनी कप खाली ठेवला. हळू म्हणाले, "ताई, ती आता नाहीये."

"म्हणून तर तुम्हाला सांगतीय. तिला सांगायचं होतं."

मी ते वायफायचं कार्ड काढलं आणि तिथंच कचऱ्याच्या डब्यात टाकलं. चिठ्ठी सोडवून घेतली. ते नको म्हणाले नाहीत.

मग फायली बघताना 'आबा' नावाचा फोल्डर दिसला. त्यात त्या दिवसाचं रेकॉर्डिंग होतं आणि त्याच्या पुढं तू साफ केलेल्या प्रती, एकापुढं एक, शेवटची गेल्या दिवाळीतली. प्रत्येक टक तू हातानं काढली होतीस. अशी टक नुसती कापून चालत नाही, तिच्या अलीकडचा-पलीकडचा आवाज घेऊन ती जागा भरावी लागते, ते मला तुझ्या शेजारी बसून बसून कळतं. किती महिने केलंस हे? मी हेडफोन लावून शेवटची प्रत ऐकली. एकही टक नाही. ढोल छातीत वाजतो. आबांचा आवाज असा, की जणू ते पाठीशी उभे आहेत. मी ऐकत बसले आणि रडले. इतकं सुंदर काम तूच करू शकत होतीस. आणि रडता रडता तुझा आणखी राग आला, कारण एवढं सगळं तू केलंस, फक्त आमच्या गावाकडं यायला विट्याची एसटी तेवढी पकडली नाहीस.

ते पेनड्राइव्हवर घेऊन मी गावी गेले. आबा पडवीत बसले होते. चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, उलटी-पालटी करून बघितली. त्यांना वाचता येत नाही. "म्हंजी दात वाजत नव्हतं?"

"नव्हतं, आबा."

"मला ठावं हुतं," ते म्हणाले. "माझ्या तोंडातलं मला कळंना व्हय?"

"मग तवाच का बोलला न्हाई तुमी?"

"तुझी मैतरीण हुती. तुझ्या तोंडाकडं बघितलं. म्हटलं, पोरीचं वाकडं नको."

पद्मा, हे ऐकून घे. माझ्यासाठी गप्प बसले ते. तुझ्या-माझ्या मैत्रीसाठी त्यांनी दात काढले.

मग मी तुझी ती साफ केलेली प्रत लावली. आबा ऐकत होते. डोळे मिटले नाहीत. दोन ओव्या झाल्या आणि त्यांनी हात वर केला. "बंद कर."

"आवं, चांगलं झालंय, आबा. कायबी आवाज न्हाई मधी."

"चांगलं आसंल. पर ह्यो बोळका म्हातारा कोन? ह्यो मी न्हवं. पूस ते."

"सगळं?"

"समदं."

मी पुसलं. पेनड्राइव्हवरचं पुसलं, सांगलीला येऊन तुझ्या कॉम्प्युटरमधलं मूळ रेकॉर्डिंग पुसलं, तुझ्या सगळ्या प्रती पुसल्या. सुकुमारदादा शेजारी उभे होते. "तिचे कष्ट होते त्यात," म्हणाले. "होते," मी म्हणाले आणि बटण दाबलं. तुझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम बहुतेक तेच असेल. ते आता कुठंही नाही. हे मी केलं आणि मला त्याचा पस्तावा नाही. वाईट वाटतं, ती गोष्ट वेगळी.

गावात त्या दिवशी, सांगलीला परतण्याआधी, मी आणखी एक केलं होतं. चावडीपुढं जाऊन तुझी चिठ्ठी सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचली. तुकामामा तिथंच होता. "आगं, आता मेल्याली बाई," म्हणाला, "कशाला उकरून काढतीस?"

"जिती हुती तवा तुमी नकला करत हुतासा, मामा. आता ऐका."

तीनदा वाचली. तिसऱ्या वेळी सोपानकाका उठला, टोपी नीट केली आणि आमच्या घराकडं चालायला लागला. आबांच्या पुढ्यात जाऊन म्हणाला, "गड्या, ढोल काढू का रं?"

म्हणून गेल्या रविवारी आबा परत तुझ्या स्टुडिओत आले. मागं सूर धरायला तुकामामाला बोलावलं नाही. त्याच्या जागी मी बसले असते, पण यंत्रावर कुणीतरी हवं होतं. सुकुमारदादांनी दार उघडून दिलं आणि बाहेर जाऊन बसले. आबांनी माइककडं बघितलं. "त्येच हाय का?" "त्येच हाय," मी म्हणाले. मग त्यांनी माइकच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि कवळी मुद्दाम वाजवली. खट्. खट्. लाकडावर लाकूड आपटावं तसा जाड, बोजड आवाज. टकेसारखं त्यात काही नव्हतं.

"ह्यो कवळीचा आवाज," आबा माइकमध्ये म्हणाले. "ऐकून ठीव, बाय." आणि सोपानकाकाला खूण केली.

ते रेकॉर्डिंग तिथूनच सुरू होतं. मी ते कापलेलं नाही, कापणार नाही. कुणाला ऐकायचं असेल त्यानं तिथूनच ऐकावं.

गाणं मात्र, खरं सांगायचं तर, तीन वर्षांपूर्वीचं नव्हतं. आवाज खाली आलाय. लांब ओळीला दम पुरत नाही, दोनदा खोकला आला. शब्द स्वच्छ, एकेक दाण्यासारखा, पण वरचा सूर लागता लागता राहून जातो. तू काचेमागं असतीस तर दुसऱ्यांदा कुठून घ्यायचं, कुठं थांबवायचं, कुठं पाणी द्यायचं, ते तुला बरोबर कळलं असतं. मला फक्त टक येत नाही एवढं कळतं. तीन वर्षांची जी गाणी गेली ती कुणाकडून भरून घ्यायची, ते मला सांगणारं कुणी नाही. तूच सांगायला हवी होतीस.

संध्याकाळी त्यांना माझ्या व्हॅनमधून गावी सोडायला निघाले. सोपानकाका मागं ढोलाला टेकून झोपला होता. तासगाव मागं पडलं, दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा. आबांनी विचारलं, "ती पोरगी कशानं ग्येली म्हणायची?"

"डोस्क्यातली शीर फुटली, आबा. स्टुडिओचं कुलूप काढता काढता खाली बसली."

"लय तरास झाला का तिला?"

"न्हाई. डागदर म्हणलं, तिला कायबी कळलं नसंल."

आबांनी काच खाली केली. मग म्हणाले, "कळाय पायजे हुतं."

रागानं म्हणाले की कळवळून, ते मी विचारलं नाही. गाडी चालवत राहिले. माझंही तेच म्हणणं आहे, पद्मा. तुला कळायला पाहिजे होतं.